दुसरी फेरी

१

बाथरूमची फरशी कोरडी होती. मंगळवारी मी धावतपळत आईकडे पोचले तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते हेच, पण त्याचा अर्थ लावायला माझं डोकं ठिकाणावर कुठे होतं? बादली रिकामी, नळ बंद. कोपऱ्यात रक्ताची वाळत आलेली रेघ. आणि मधोमध तो नवाकोरा स्टीलचा दांडा, आदल्याच दिवशी बसवलेला. भिंतीतून उपटून आला होता. चारही सळया त्याच्या टोकांना तशाच लटकत होत्या.

बाबांना दादाने तोवर हॉस्पिटलात नेलं होतं. आई बाथरूमच्या दाराशी खुर्चीवर बसली होती. दांडा बसवला होता तिच्यासाठी. तिचे गुडघे गेलेत, उठताबसता काहीतरी धरायला हवं होतं. पडले मात्र बाबा.

"काय झालं, आई?"

"हे म्हणाले, थांब, आधी मी बघतो."

"काय बघतो?"

"थांब, आधी मी बघतो, म्हणाले." यापलीकडे तिला एक शब्द बोलता येईना.

आज शुक्रवार. बाबांनी अजून डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, मेंदूची सूज उतरली तर उतरली. आई जेवत नाही. आणि दादाने सकाळीच जाहीर केलंय की पाच वाजता तो चौकीत जाणार, मिस्त्रीने निकृष्ट काम करून आपल्या बापाला मरणाच्या दारात ढकललं अशी तक्रार देणार. आसपासच्या तीन इमारतींना त्याने तोंडी सांगून टाकलंय. तिन्हीकडची कामं मिस्त्रीच्या हातून गेली.

दादाला एक गोष्ट ठाऊक नाही. मिस्त्रीने सांगितलेल्या रकमेतून सहाशे मी कापले होते. मिस्त्रीने त्या सहाशेंची भरपाई मालात केली असेल, तर बाबांना त्याने नाही, मी पाडलंय. हे मला कळल्याशिवाय जगता येणार नव्हतं, आणि कळल्यावर जगता येईल का, तेही सांगता येत नव्हतं.

२

घासाघीस करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. असणार कसं? मी बाबांच्या तालमीतली. बाबांनी उभी हयात बांधकाम खात्यात ठेकेदारांची बिलं तपासण्यात काढली. एक वीट जास्त लावली तरी ते पकडायचे. "जे गाडलं जाणार, ते गाडायच्या आधी मोजायचं," हे वाक्य आम्ही पाढ्यांआधी शिकलो. शितावरून भाताची परीक्षा त्यांना मंजूर नव्हती. दहा खांब असतील तर दहाच्या दहा मोजायचे.

सोमवारी सकाळी बाबा साडेसातलाच डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावायला गेले होते. आठला मिस्त्री आला. हा माणूस सगळंच करतो, नळ, कडी, बिजागरी, पंखा. एकच करत नाही, बोलत नाही. पाऊण तासात दांडा बसवला आणि बिल माझ्या हातात ठेवलं. दांडा साडेचौदाशे. पाच इंची आट्यांच्या सळया चार, तीनशे वीस. भोकात भरायच्या केमिकलची नळी, साडेनऊशे. नट-वॉशर चाळीस. पहिली फेरी बाराशे. दुसरी फेरी सहाशे. एकूण चार हजार पाचशे साठ.

"दांडा दीड हजाराचा नि बसवायचे तीन हजार? चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!"

तो हत्यारं पिशवीत भरत राहिला.

"आणि ही दुसरी फेरी कशाची? काम झालं ना आज?"

"उद्या यावं लागतं, ताई."

"यावं लागतं तर या. एका दांड्याला दोनदा येण्याचे पैसे मी देणार नाही." मी पेन काढून ती ओळ सरळ खोडली आणि तीन हजार नऊशे साठ मोजून दिले. त्याने खालमानेने घेतले.

"उद्यापर्यंत वापरू नका," एवढंच म्हणाला. मी आईला सांगितलं, उद्या सकाळपासून वापर. बिल बाबांच्या टेबलावर ठेवलं आणि विजयी मुद्रेने घरी गेले.

शुक्रवारी दुपारी मी मिस्त्रीला गाठलं. तो आमच्याच जिन्यात खालच्या पायरीवर बसला होता, हत्यारांची पिशवी पायांत धरून. दादा त्याला वर येऊ देत नव्हता, आणि त्याला घरी जाववत नव्हतं.

"खरं सांगा. पैसे कापले म्हणून हलका माल घातलात?"

"नाही."

"शपथ?"

"बिलात लिहिलंय तेच घातलंय. बिल बघा."

"बिल सापडत नाही. सगळं घर पालथं घातलं."

त्याचा चेहरा उतरला. दुसरी प्रत त्याच्याकडे नव्हती. मग तो आपणहून म्हणाला, "ताई, एक मात्र आहे. फेरीचे पैसे असते तर मी मंगळवारी बरोबर नऊला आलो असतो. पैसे नव्हते, म्हणून आधी पैशांची दोन कामं केली. आलो तेव्हा साडेअकरा झाले होते."

बाबा साडेनऊला पडले.

३

आमच्या नाक्यावर एक हार्डवेअरचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या काकूंना सगळे वॉशरकाकू म्हणतात, कारण जगातली निम्मी भांडणं दोन पैशांचा वॉशर न घातल्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत आहे. मिस्त्रीने माल तिथूनच नेला होता. माझ्याकडे दुसरी वाट नव्हती. मी काउंटरपाशी उभं राहून रडत रडत सगळं सांगितलं, अगदी सहाशेंसकट.

काकूंनी शटर अर्धं ओढलं. "तो माल मीच दिलाय. चांगला होता. पण दुकानातून चांगला निघालेला माल भिंतीत चांगलाच जातो असं नाही. चल, बघू दे मला."

दादा त्यांना बघून चिडला. "काकू, तुम्ही त्याच्या बाजूने बोलणार. तुमचं गिऱ्हाईक तो."

"तूही माझंच गिऱ्हाईक आहेस, बाबा. गेल्या वर्षीच्या कुलुपाचे पैसे आठवतात का?"

दादा दारातून बाजूला झाला.

काकूंनी आधी फरशी पाहिली, मग बादली, मग भिंतीतली चार भोकं. भोकांत बोट घालून पाहिलं. मग दांडा खिडकीशी नेऊन एकेक सळई पट्टीने मोजली. चारही पाच-पाच इंची, पुऱ्या. मी सुस्कारा सोडला.

"थांब," काकू म्हणाल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एक सळई डोळ्यांजवळ धरली. राखाडी केमिकलचा थर तिच्यावर सुकला होता, आणि त्या थरात काहीतरी पांढरं अडकलं होतं. काकूंनी ते नखाने खरवडलं.

"कागद आहे. वर्तमानपत्राचा."

दादाने दांडा हिसकावूनच घेतला. चारही सळयांना तसाच कागद होता. त्याचे डोळे चमकले. "बघा! भोकं मोठी पाडली, केमिकल वाचवलं, आणि कागद कोंबून सळया घट्ट केल्या. साडेनऊशेची नळी बिलात लावली आणि भरली रद्दी! काकू, हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

काकू पुन्हा बाथरूममध्ये वाकून बघू लागल्या. तीन वाजले होते.

४

"हा नळ कधी बदलला?" काकूंनी एकदम विचारलं.

खरंच, बाथरूमचा नळ नवा होता. मी तो पाहिलाच नव्हता. दादाने मान दुसरीकडे वळवली.

"दादा?"

"सोमवारी संध्याकाळी. गळत होता म्हणून एक नळवाला आणला. दीडशेत करतो म्हणाला."

"म्हणजे दांडा बसवल्यावर त्याच दिवशी दुसरा माणूस या बाथरूममध्ये काम करून गेला, आणि तू हे चार दिवसांत कुणाला बोलला नाहीस?"

"त्याचा काय संबंध?" दादा ओरडला, पण त्याचा आवाज कापत होता. मला वाटलं होतं रात्रंदिवस मीच तेवढी जळतेय. दादाही तेच करत होता. दीडशेचा माणूस आणला, त्याने दांड्याला पाय लावला असेल, पिशवी अडकवली असेल, या धास्तीने त्याची झोप उडाली होती. म्हणून तर मिस्त्रीवर एवढा तुटून पडला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, पण आधी चोर आपणच नाही ना, हे बघायची दोघांचीही छाती होत नव्हती.

नळवाला दोन गल्ल्या पलीकडे एका जिन्याखाली पाईपला आटे पाडत बसला होता. आम्हा तिघांना बघून त्याची पाचावर धारण बसली.

"मी दांड्याला हात लावला नाही हो! पिशवी खाली ठेवली होती. तुमचे वडील होते की घरात, विचारा त्यांना."

"ते शुद्धीवर नाहीत," दादा म्हणाला.

नळवाल्याने पाना खाली ठेवला.

"तुम्ही गेलात तेव्हा ते काय करत होते?" काकूंनी शांतपणे विचारलं.

"खोलीत बसले होते. काळा चष्मा लावून. मी निघालो तर हळूच म्हणाले, थिनर आहे का तुमच्याकडे? हाताला काहीतरी चिकटलंय, साबणाने जात नाही. मी म्हटलं नाही. तर म्हणाले, असू दे, हिला सांगू नका."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या बाबांनी सोमवारचा पेपर कधी वाचला?"

"हे काय विचारणं झालं?"

"मला दुसरं काही विचारायचंच नाही," काकू म्हणाल्या आणि भराभरा परत निघाल्या.

५

बाबांची रद्दी म्हणजे दफ्तरच. तारखेवार, घड्या एकाच बाजूला. सोमवारचा अंक आपल्या जागी होता, पण उलटा ठेवलेला. बाबांनी आयुष्यात पेपर उलटा ठेवला नसेल.

काकूंनी तो पलंगावर पसरला. शब्दकोड्याच्या पानावर चार लांबट जखमा होत्या. शेजारीशेजारी, सारख्या अंतरावर, कागदाचा वरचा पापुद्रा सोलून निघालेला, आणि कडेला राखाडी डाग. काकूंनी पट्टी लावली. प्रत्येक खूण पाच इंच.

"कोंबलेला कागद चुरगळतो, त्याचे बोळे होतात. हा कुणी कोंबलेला नाही. कुणीतरी ओल्या सळया या पानावर ओळीने मांडल्या, आणि उचलताना कागद त्यांना चिकटून निघाला."

"मग मिस्त्रीनेच मांडल्या असतील," दादा म्हणाला. "बसवायच्या आधी."

"कोडं बघ."

कोडं अर्धं सोडवलेलं होतं, बाबांच्या पेन्सिलीने. पहिले शब्द नेटके. मग अक्षरं मोठी होत गेलेली, चौकटीबाहेर सांडणारी, आणि मग सोडूनच दिलेलं. समासात लिहिलं होतं, टोकन सतरा.

"दवाखान्यातला नंबर," मी म्हणाले. "पेपर त्यांनी बरोबर नेला होता!"

"साडेसातला नेला, तो त्यांच्याबरोबरच परत आला. मिस्त्री आठला आला, पावणेनऊला गेला. तो होता तेव्हा हा पेपर या घरात नव्हता, पोरी."

मिस्त्री सुटला होता. पण मला मोकळं वाटेना. सोमवारी मिस्त्री गेल्यावर आणि नळवाला यायच्या आधी घरात दोनच माणसं होती. त्यातलं एक आत्ता बाथरूमच्या दाराशी खुर्चीवर बसलं होतं.

"आई," मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "सोमवारी बाबा आल्यावर काय केलं त्यांनी?"

तिने माझ्याकडे बघितलं. "काही नाही. मी पोळ्या करत होते. हे म्हणाले, डोळ्यांत थेंब घातलेत, काही दिसत नाही. आणि आत जाऊन दार लावून घेतलं."

"किती वेळ?"

"माझ्या सगळ्या पोळ्या झाल्या तरी आत होते."

तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला. लगेच या, म्हणाले.

६

दादा, काकू आणि मी कसे पोचलो ते आठवत नाही. जिना चढताना दादाने माझा हात धरला होता, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा.

बाबांच्या खाटेशी सिस्टर वैतागून उभी होती. "काही झालेलं नाही, घाबरू नका. हा चिमटा बघा. बोटाला लावतो ना नाडीचा? पुन्हा पुन्हा रीडिंग जातं. कानाला लावला तर निसटतो. ह्यांच्या बोटांना काय लागलंय तरी काय? आम्ही स्पिरिटने पुसलं, जात नाही. सोमवारपासून साहेब बदलून येतायत, ते मला ओरडतील. घरचं कुणीतरी नीट साफ करून द्या."

दादा भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागला. मी बाबांचा हात हातात घेतला. दोन्ही हातांच्या बोटांवर, नखांवरही, राखाडी टणक थर होता.

"सिस्टर, त्यांचे कपडे कुठे आहेत?" काकूंनी विचारलं.

खाटेखालच्या कपाटात एक पुडकं होतं. मंगळवारपासून आम्ही कुणी ते सोडलं नव्हतं. आत सदरा, विजार, चष्मा. सदऱ्याच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा, सहा इंची स्टीलची पट्टी, आणि चार घड्या घातलेला कागद.

बिल.

काकूंनी ते उलगडून माझ्यापुढे धरलं. सळयांच्या ओळीसमोर पेन्सिलीने पाचाचे चार आकडे काढले होते. ५, ५, ५, ५. मोठे, वाकडे, एकमेकांवर चढलेले. समोर एक बरोबरची खूण.

"भिंतीत घट्ट बसलेली सळई पाच इंची आहे की तीन इंची, हे बाहेरून कुणाला मोजता येईल?" काकूंचा आवाज मऊ झाला होता. "तुम्हीच सांगायचात ना, बाबांचं वाक्य. जे गाडलं जाणार ते गाडायच्या आधी मोजायचं. ते घरी नव्हते. आले तर बिल टेबलावर आणि माल भिंतीत. ते केमिकल संथ असतं, चार-सहा तास ओलं राहतं, हात पक्का असेल तर सळई फिरवून बाहेर काढता येते. त्यांनी नट काढले, दांडा काढला, चारही सळया काढल्या, हातातल्या पेपरवर मांडल्या, मोजल्या. बिल खरं निघालं. पुन्हा होत्या तशा बसवल्या. डोळ्यांत थेंब, म्हणून चिकटलेला कागद दिसला नाही. आणि हेही दिसलं नाही."

त्यांचं बोट बिलाच्या तळाशी होतं. बेरजेखाली बारीक अक्षरात मिस्त्रीने लिहिलं होतं, 'चोवीस तास अजिबात हलवू नये. हलवल्यास पकड जाते.'

मी ते वाचलं नव्हतं. मी बेरजेपाशी थांबले होते.

"ते कळलं, काकू," दादा कसाबसा म्हणाला. "पण हे सगळं केलं कशासाठी? चार सळयांसाठी?"

कशासाठी ते मला ठाऊक होतं. दवाखान्यातून निघताना बाबांनी फोन केला होता. मी फुशारकी मारून सांगितलं होतं, "बाबा, लुटत होता मेला. सहाशे कापले, पण अजूनही काही घुसडलं असेल, काही भरवसा नाही." एवढं ऐकल्यावर माझ्या बाबांनी न तपासता ते बिल ठेवलं असतं?

"अजून आहे," काकू म्हणाल्या. "मंगळवारी सकाळी थेंबाचा असर गेलेला होता. हे अक्षर बघ."

मी खोडलेल्या ओळीशेजारी, बाबांच्या नेहमीच्या मोत्यासारख्या अक्षरात, एक शेरा होता.

'दुसरी फेरी आवश्यक. रक्कम द्यावी.'

माझ्या बापाने आयुष्यात हजारो ओळी खोडल्या असतील. मी खोडलेली एकच ओळ त्यांनी परत मंजूर केली होती.

"तळाची सूचना त्यांनी सकाळी वाचली," काकू सांगत होत्या. "चूक कळली. तेवढ्यात आई अंघोळीला निघाली. फरशी कोरडी होती, बादली रिकामी होती, ते अंघोळीला गेलेच नव्हते, तिच्या आधी दांड्यावर भार टाकून बघायला गेले होते. अंगात सदरा, डोळ्यांवर चष्मा. काय म्हणाले ते आई चार दिवस सांगतेय. तुम्ही ऐकलं नाहीत."

थांब, आधी मी बघतो.

मी खोबरेल तेल मागून घेतलं आणि बाबांची बोटं चोळत बसले. नखांच्या कडेचा थर सुटायला तास गेला. मग सिस्टरने चिमटा लावला. यंत्रावर आकडा आला आणि तिथेच राहिला. पाच वाजून गेले होते. दादा चौकीत गेला नाही.

७

शनिवारी दादा मिस्त्रीच्या घरी गेला. काय बोलला मला माहीत नाही, परत आला तेव्हा डोळे लाल होते. तिन्ही इमारतींत स्वतः जाऊन त्याने आपले शब्द मागे घेतले. मजले चढून चढून त्याचे पाय भरून आले.

रविवारी सकाळी आठला मिस्त्री आला. भोकं साफ केली, नवं केमिकल भरलं, पाऊण तासात काम संपवलं. बिल दिलं. त्यात दुसऱ्या फेरीची ओळ नव्हती.

"ही ओळ लिहा," मी म्हणाले.

"राहू दे, ताई."

"लिहा. बाबांनी मंजूर केलीय."

त्याने लिहिलं. तळाची सूचनाही त्याच बारीक अक्षरात लिहायला लागला, तेव्हा मी म्हणाले, मोठ्या अक्षरात लिहा. त्याने बिलाच्या मागच्या बाजूला पानभर लिहिलं. मी ते बाथरूमच्या दारावर चिकटवलं, आणि आई खुर्ची घेऊन दाराशी पहाऱ्याला बसली. दिवसभर तिने मांजरालासुद्धा आत जाऊ दिलं नाही. संध्याकाळी, चार घास का होईना, जेवली.

बाबांनी अजून डोळे उघडले नव्हते. डॉक्टर म्हणाले, सूज थोडी कमी आहे, आशा सोडू नका, पण धरूनही बसू नका. ह्या लोकांना असं बोलायला कुठे शिकवतात कोण जाणे.

सोमवारी मिस्त्री पावणेनऊलाच दाराशी येऊन उभा राहिला. नऊ वाजेपर्यंत आत आला नाही. मग घड्याळ बघून आला, पान्याने चारही नट कसले, पिशवी बंद केली. आई टॉवेल घेऊन उठली.

दादा तिच्या आडवा गेला. "थांब, आई. आधी मी बघतो."

ते शब्द ऐकले आणि आईने दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला. तिला नाही म्हणतासुद्धा येईना, नुसती मान हलवत राहिली. दादाही जागीच थिजला. आपण काय बोललो ते त्याला बोलल्यावर कळलं.

"तुम्ही नाही," मिस्त्री म्हणाला. "ते माझं काम आहे."

त्याने चपला काढल्या, बाथरूमच्या कोरड्या फरशीवर उभा राहिला, आणि दोन्ही हातांनी दांडा धरून पाय उचलले. आख्खं वजन टाकून तो माणूस त्या दांड्याला लोंबकळला. एकदा. मग सरकून दुसऱ्या टोकाला. मग मधोमध, हिसके देऊन. दांडा हलला नाही. मी मनात आकडे मोजत होते, कितीपर्यंत गेले ते आठवत नाही.

तो खाली उतरला आणि हात झटकले.

"दुसऱ्या फेरीत हे करता तुम्ही?" मी विचारलं. "दर वेळी?"

"हेच करायचं असतं, ताई. घरच्या माणसाच्या आधी आपण लोंबकळायचं. पडलो तर मी पडतो."

"मग गेल्या सोमवारी मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

सहाशे मी त्याच्या हातात दिले. त्याने ते न मोजता खिशात ठेवले. आईने दांडा धरला, आणि मी दार ओढून घेतलं. आत पाण्याचा आवाज सुरू झाला. दारावरचं ते बिल काढून मी हॉस्पिटलात घेऊन गेले, बाबांच्या कानाशी बसून वरपासून खालपर्यंत वाचलं, दुसऱ्या फेरीच्या ओळीसकट, आणि त्यांची पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीसमोर बरोबरची खूण केली. खाली सहीची जागा मात्र मोकळी ठेवलीय. ती सही त्यांची आहे.